चहा होईपर्यंतचा सस्टेन

१० ऑगस्ट, रविवार
गुरुदत्तचं सामान आज खोक्यांतून काढलं. गिटार, अ‍ॅम्प आणि पायाने दाबायची पाच पेडलं. धाकटा भाऊ जाऊन पाच महिने झाले. त्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलंय.
संकल्प: ३० तारखेला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गाण्यांना साथ त्याच्या जागी मी करणार. कॉलेजात वाजवायचो. बँकेच्या बदल्यांमुळे राहून गेलं, नाहीतर कुठल्या कुठे असतो.
अडचण एकच. आवाज शेजारच्या फ्लॅटमधून आल्यासारखा येतो. किरकोळ फॉल्ट. उद्या काढतो.

११ ऑगस्ट
नव्या वायरी आणल्या. आवाज तेवढाच. अ‍ॅम्प फुल केला तर नुसती घूं घूं वाढली. गिटारच्या नॉबवर कागदी टेप आहे, त्यावर गुरुदत्तच्या अक्षरात 'इथेच'. त्याला हात लावणार नाही. फॉल्ट दुसरीकडे आहे.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी ६
पाचही पेडलं दाबून पाहिली. प्रगती! आवाज कमीच, पण माझ्या वाजवण्याच्या खाली आणखी एक वाजवणं ऐकू येतं. जास्त सफाईचं. आई पोळ्या लाटताना गुणगुणायची ती चाल. मला ती येत नाही, बोटांना येत असणार.
अंगावर काटा आला. पंखा पाचवर होता.

१७ ऑगस्ट
मी थांबल्यावरही आवाज चालूच राहतो. याला सस्टेन म्हणतात, चांगल्या गिटारला असतो. आज चहा करून आणला तोवर होता.
सुलभा उलथनं हातात घेऊन दारात उभी. म्हणाली, "अहो, हे भावजी वाजवतायत."
एवढी दाद तिने पंचवीस वर्षांत दिली नव्हती. रडत का होती ते विचारलं नाही.

२० ऑगस्ट
सुलभा आता रोज सहाला येऊन बसते. माझा हात दुखत होता म्हणून आज नुसती पेडलं दाबून दोघं बसलो. वाजवणं छान झालं.

२२ ऑगस्ट
मंडळात तालीम. दुसऱ्या रांगेपर्यंतही ऐकू गेलं नाही म्हणे. विनीताताई गातात, त्या म्हणाल्या, उदयराव, तुम्ही नुसते बसलात तरी चालेल. मोठं मन आहे बाईंचं. मात्र आता फॉल्ट काढायलाच हवा.

२३ ऑगस्ट
बागबाजारचे श्यामसुंदरबाबू सोमवारी येतील. जुने बंगाली मेकॅनिक आहेत, गिटारी दुरुस्त करतात. त्यांच्यापुढे अडाणी दिसायचं नाही, म्हणून व्हिडिओ बघून पेडलं आपणच रीसेट केली. प्रत्येकाचं बटण पायाने दाबून धरायचं. पाचव्याचा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. सोपं काम आहे.
आवाज अजून तेवढाच.

२४ ऑगस्ट
सस्टेन नाही. हवा दमट आहे, त्यामुळे असेल. सुलभा सहाला येऊन बसली. मी बराच वेळ वाजवलं. ती उठून आत गेली.

२५ ऑगस्ट
श्यामसुंदरबाबूंनी पेडलं बाजूला सारली, गिटार थेट अ‍ॅम्पला जोडली. आवाज कमीच. मग त्यांनी ती टेप पाहिली. मी नको नको म्हणेपर्यंत नखाने काढली आणि नॉब फिरवला. कपाटातले कप वाजले. एक मिनिटही लागलं नाही.
मग पाचवं पेडल उचलून त्यांनी समजावलं. त्यात एकदा वाजवलेलं साठून राहतं, बटण दाबलं की परत परत वाजतं. दिवा लुकलुकून विझला म्हणजे पुसलं गेलं. विचारलं, "दादा, इसमें किसी का बजाना रखा था क्या?"
मी म्हणालो, नाही, काही नव्हतं.
सुलभा चहाचा ट्रे घेऊन दारात होती. तिने तो स्टुलावर ठेवला आणि आत गेली. मला चिडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणावर?

३० ऑगस्ट
कार्यक्रम झाला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. विनीताताई पहिल्याच कडव्यात थांबल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. नॉबवर टेपचा डिंक अजून आहे. बोटाने चाचपून नॉब परत त्या 'इथेच'वर आणला. मग त्यांचं गाणं ऐकू यायला लागलं. गुरुदत्त एवढंच वाजवायचा.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६
टेप परत चिकटवली. सुलभा येऊन बसली. पाचवं पेडल दाबलं, म्हटलं आईची चाल आपणच त्यात भरून ठेवू.
पहिल्या ओळीपुढे मला ती येत नाही.