काळं न होणारं ऑइल

१२ जून, गुरुवार
रिक्षा गॅरेजमधून परत आली. उल्हासनगर कॅम्प चारपासून शिरगावपर्यंत मीच चालवत आणली. मागे सासरे, म्हणजे अण्णा, तोंड फुगवून बसलेले. अंबरनाथ मागे पडल्यावर म्हणाले, "गिअर बरा पडतोय." बस, एवढंच.

मे महिन्यात इंजिन जाम झालं ते मोरिवलीच्या रस्त्यावर, भर दुपारी, मागे तीन सीट बसलेले. ऑइल नऊ महिने बदललं नव्हतं, कारण ते काळंच झालं नव्हतं. अण्णा रोज सकाळी पट्टी काढून बघायचे. "सोन्यासारखं आहे, कशाला फेकतेस." मी ऐकलं. ती चूक माझी, मान्य. पण किशनभाईचं ऐका. मेकॅनिक म्हणून देवमाणूस, तोंड मात्र... "बहन, लेडीज का हाथ नाजूक होता है, इसलिए इंजन जाम हुआ." मी म्हटलं, मघाशी तुमचं अडकलेलं शटर कोणाच्या नाजूक हाताने वर गेलं?

घरी चहा घेताना अण्णांनी अट घातली. दसऱ्यापर्यंत इंजिन परत उघडावं लागलं नाही तर परमिटवर माझं नाव. उघडावं लागलं तर गाडी भाड्याने द्यायची आणि मी घर बघायचं. विलास झोपला होता. नवऱ्याला अशा वेळी नेमकी झोप लागते.

मी म्हटलं, चालेल.

१४ जून, शनिवार
ऑइल कोणतं घालायचं? गाडी सीएनजीवरची, म्हणजे गॅसची. चार माणसं, चार ऑइलं.
किशनभाई: "गाढा डालो बहन, गॅस की गर्मी में पतला टिकता नहीं." त्याच्याकडे पिंपातलं सुट्टं आहे.
स्टँडवरचा बाळू: मोटरसायकलचं घाल, मी तेच घालतो. (बाळूची गाडी धूर सोडत येते ते लांबून दिसतं.)
गॅसपंपावरचा पोऱ्या: जे स्वस्त ते.
अण्णा: आधीची पेट्रोलची गाडी होती तेव्हा जे घालायचो तेच.

शेवटी अण्णांच्या ट्रंकेतून गाडीची पुस्तिका काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपलेली, एकदाही न उघडलेली. ऑइलच्या जाडीचा आकडा स्पष्ट छापलाय. मग एवढी पंचाईत कशाची चालली होती?

१६ जून, सोमवार
उल्हासनगरला ऑइलच्या दुकानात गेले. सेठने डबा पुढे केला, त्यावर ज्वाळांचं मोठं चित्र. "साईं, ये स्पेशल गॅस का है." डबा फिरवला, मागे काही नाही, कोरा. शेजारचा घेतला. त्यावर चित्र नाही, पण मागे मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं. जाडी पुस्तिकेतलीच आणि दर्जा पुस्तिकेत सांगितलाय त्याहून वरचा. सील हलवून बघितलं. सेठ म्हणाला, "बहन, शादी के लिए लड़का देख रही हो क्या?" मी म्हटलं, मुलगा बघताना एवढं बघितलं असतं तर...
विलासला हे सांगितलं नाही.

२ जुलै, बुधवार
स्टँडवर आज भांडण. भांडण नाही, लेक्चर. बाळूने माझ्या सीटमागे खडूने लिहिलेला आकडा वाचला. पुढचं ऑइल किती किलोमीटरला, तो. "ताई, काय परीक्षा आहे का?" सगळे हसले. मग मीही तोंड सोडलं. मोरिवलीच्या कंपनीत चौदा वर्षं लॅबमध्ये बाटल्या धुतल्या आहेत. बाटल्याच धुतल्या, पण कान बंद ठेवून नाही धुतल्या. ओरडून सांगितलं सगळ्यांना, की गॅसला काजळी नसते म्हणून ऑइल काळं होत नाही. पण गॅस जास्त तापतो आणि त्या तापात ऑइल मरतं. पिवळं राहून मरतं. काळं व्हायची वाट बघाल तर माझ्यासारखे रस्त्यात बसाल. आमच्या लॅबच्या मॅडम म्हणायच्या, डोळ्यांवर भागलं असतं तर लॅब कशाला काढली असती.
बाळू म्हणाला, "म्हणजे कधी बदलायचं?" मी म्हटलं, आकडा बघून, रंग बघून नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. घसा बसला.

२७ जुलै, रविवार
आकडा भरला. अंगणात स्वतः ऑइल बदललं. पलीकडच्या दोघी कपडे वाळत घालायचं सोडून बघत होत्या. बघा म्हटलं, तिकीट नाही.
खाली आलेलं ऑइल खरंच सोन्यासारखं. माझाही हात जरा अडखळला, खोटं कशाला लिहू. अण्णांनी कॅन मागून घेतला. "दे इकडं. गेटच्या बिजागरीला होईल." एवढ्यात आख्ख्या शिरगावच्या बिजागऱ्या होतील! पण दिला. म्हाताऱ्या माणसाला टाकवत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
उद्या माहेरी. गणपती, मग गौरी. तोवर अण्णा हळूहळू गाडी चालवणार, जवळच्या जवळ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दिवसाचं दिसतं त्यांना. मध्येच आकडा भरेल म्हणून सीलबंद डबा त्यांच्या हातात दिला. "बदलाल ना?" "मी तुझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतोय." बरं.

३ सप्टेंबर, बुधवार
आले परत. सीटमागचा जुना आकडा पुसून नवा आकडा लिहिलेला, अण्णांच्या थरथरत्या अक्षरात. सात उलटा काढलाय. म्हणाले, "बदललं हो ऑइल, बघ." पट्टी काढून बघितली, छान पिवळं.
बरं वाटलं. ज्या माणसाने माझी मोरिवलीची कंपनी बंद पडल्यावर आख्ख्या भावकीसमोर माझ्या हातात किल्ली दिली होती तो माणूस आज परत दिसला.

१३ सप्टेंबर, शनिवार
वरच्या बाजूने आवाज येतो. टिक टिक. थांबल्यावर जास्त. पत्रा सैल असेल.

१७ सप्टेंबर, बुधवार
पत्रा नाही. बाळू: "ताई, इंजिनमध्ये घड्याळ बसवलं का?" दिवसभर तेच. ऑइल बरोबर, जाडी बरोबर, वेळेवर बदललेलं. मग काय चुकलं? पंधरा दिवसांवर दसरा. अण्णा ओट्यावरून ऐकतात आणि आत जातात.

२१ सप्टेंबर, रविवार
उद्या घट बसणार म्हणून साफसफाई. तांदळाचं पिंप सरकवलं. मागे माझा डबा. मीच अण्णांना दिलेला. सील तसंच.
 मग ओट्यावर जाऊन डबा त्यांच्यासमोर ठेवला. बिजागरीच्या ऑइलचा कॅन कुठे? रिकामा. एवढंसं तळाला.

अण्णांनी तेच टाकलं होतं. जुलैत मी काढलेलं ऑइल, फडक्याने गाळून, परत इंजिनमध्ये.

"अगं सोन्यासारखं होतं. ते फेकायचं आणि हे नवं घालायचं? हे ठेवलं पुढच्या खेपेला."
मी ओरडले. सासऱ्यांवर पहिल्यांदा ओरडले, लग्नाला बावीस वर्षं झाली. विलास बाहेर आला आणि परत आत गेला.

मग दोन वाट्या घेतल्या. एकीत नवं, एकीत कॅनच्या तळाचं. रंग जवळजवळ सारखाच. म्हटलं, वास घ्या. घेईनात. मीच नाकाशी धरल्या. नव्याला फारसा वास नाही. जुन्याला खवट, आंबूस. "अण्णा, मी तळणीचं तेल तिसऱ्यांदा कढईत घातलं तर ताट बाजूला सारता ना? तेही पिवळंच असतं."
अण्णांनी दोन्ही वाट्या परत हुंगल्या, सावकाश, आधी जुनी मग नवी.  चपला घालून बाहेर गेले.

मी ते खवट ऑइल काढून नवं भरलं. आवाज तसाच. व्हायचं ते होऊन गेलंय.

२३ सप्टेंबर, मंगळवार
किशनभाईकडे. अण्णा म्हणाले मीही येतो. वरचं झाकण उघडलं. कॅमचा दांडा घासलेला, आत सगळीकडे तपकिरी चिकट थर. "और आठ दिन चलाती तो पूरा इंजन गया था. बोला था ना, गाढा डालो. और लेडीज का हाथ..." दोन दुसरे रिक्षावाले उभे होते, तेही हसले.

मी म्हटलं, मी निवडलेलं ऑइल बरोबर होतं आणि माझा हातही बरोबर आहे. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. अण्णांकडे बघितलं. त्यांनीच सांगावं असं वाटलं. एकच वाक्य होतं, "मी टाकलं." पण त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. नजर समोरच्या स्पॅनरवर.
मीही नाही बोलले. दया म्हणून नाही. मी सांगितलं असतं तर ती चहाडी झाली असती, आणि मला चहाडी नको होती, मला त्यांच्या तोंडून हवं होतं.

गाडी तिथेच ठेवून दुसऱ्या रिक्षाने परत आलो. आयुष्यात एवढा राग आला नव्हता कुणाचा. विलासचासुद्धा नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार
गाडी दुरुस्त करून आणली. आवाज गेला. जेवताना मी विषय काढला. अट माझ्यामुळे मोडली का? अण्णा म्हणाले, "इंजिन उघडलं ना? अट ती अट." मग, "भाड्याने मागायला दोघं-तिघं आहेत. बोलावलंय."
ताट तसंच टाकून उठले. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. विलासला म्हटलं, तू काहीतरी बोल. तो म्हणाला, "तुम्ही दोघं सारखेच आहात, मी कुठे मध्ये पडू." सारखेच? माझ्यात आणि त्यांच्यात काय सारखं आहे?

उद्या सकाळी सहालाच गाडी काढणार. घेऊन दाखवा किल्ली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
पहिला आला, बेलवलीचा. केस रंगवलेले, बोलायला गोड. मी मुद्दाम दारातच उभी राहिले. अण्णांनी बॅज बघितला, लायसन्स बघितलं. मग एकदम:
"गॅसच्या गाडीचं ऑइल कधी बदलशील?"
"काळं झालं की लगेच काका. मी एकदम टाइमवर करतो."
अण्णा म्हणाले, "मग नको." आणि पेपर वर केला. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी आत पळाले. भांडी घासायची नव्हती तरी घासली.

२८ सप्टेंबर, रविवार
दुसरा, अंबरनाथचा. अनुभवी, पंचवीस वर्षं गाडी. तोच प्रश्न.
"गॅसला ऑइल खराब होतच नाही ना काका. बघा ना, सोन्यासारखं राहतं."
"सोन्यासारखं," अण्णा म्हणाले.  मग, "माझ्याही तोंडात तेच होतं. माझ्या हाताने इंजिन घालवलं मी. जा बाबा."

ऐकलं मी. स्वयंपाकघरात होते पण नीट ऐकलं. माझ्याकडे वळून बोलले नाहीत, त्या परक्या माणसाला बोलले. तरी डोळ्यांत पाणी आलं. राग गेला असं नाही. किशनभाईसमोर बोलायला हवं होतं, ते मी विसरणार नाही.

संध्याकाळी चहा देताना म्हटलं, मग आता परमिटचं? "अजून एक यायचाय. शब्द दिलाय त्याला." मी म्हटलं, शब्द मलाही दिला होता. "तुला अट दिली होती." असा हा माणूस.
"मलाही विचारा ना तो प्रश्न."
"तुला काय विचारायचं," म्हणाले. म्हणजे काय? मला येतं म्हणून की मी त्यात धरलेलीच नाही म्हणून? विचारलं नाही. भीती वाटली उत्तराची, हेही लिहून ठेवते.

२९ सप्टेंबर, सोमवार
तिसरा कोण ते कळलं. बाळूचा मेहुणा. उद्या सकाळी दहाला येतोय.

बाळू स्टँडवर डोळे मिचकावून म्हणाला, "ताई, त्याला सगळं पढवून ठेवलंय. रंग नाही बघायचा, आकडा बघायचा. पिवळं राहून मरतं. बरोबर ना?"
बरोबर. शब्दन् शब्द बरोबर. मीच शिकवलंय, जुलैमध्ये, घसा बसेपर्यंत, आणि आता तेच माझ्या गाडीवर येऊन बसणार. हात दाखवून अवलक्षण. क्षणभर वाटलं, म्हणावं, नाही रे, चुकलं माझं, काळं झालं की बदलायचं. बाळू वाट बघत होता. बाजूला आणखी चार जण कान देऊन. त्यांच्याही गाड्या गॅसच्याच.

"बरोबर," मी म्हटलं. "आणि जुनं गाळून परत टाकायचं नाही, तेही सांग त्याला."

उद्या तो दहाला येणार. मी सहाला गाडी घेऊन निघते, दहाला गाडी दारात असेलच असं नाही.