शेंदराखालचे बाण

१४ मार्च २०१६, सोमवार
आज साखर कारखान्यात लिफ्ट ऑपरेटर म्हणून रुजू झालो. पुण्यात चार वर्षं मॉलच्या काचा आणि गोदामांची छपरं केली, आता आमच्या वडवणीपासून तासाभरावर काम मिळालं. आईनं गल्लीभर पेढे वाटले. दुष्काळानं माझं एवढं तरी भलं केलं. माजलगावच्या धरणात पाणी नाही, शिवारात ऊस नाही, म्हणून यंदा गाळप नाही. आणि गाळप नाही म्हणून संचालक मंडळाला साखर गोदामाचे गंजके पत्रे आठवले.

मशीन बघून जीव खूश झाला. सोळा मीटर वर नेणारी बूम लिफ्ट, कारखान्याच्या मालकीची. वरच्या पिंजऱ्याला इथं पाळणा म्हणतात. पायडल दाबून धरून समोरची दांडी ढकलली तरच पाळणा हलतो, पाय काढला की थांबतो. वेगाच्या बटणावर एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला कासव. मी कायम कासवावर ठेवतो. हसणाऱ्यांनी हसावं.

खाली उभं राहायला शहादेव नावाचा माणूस दिलाय. पन्नाशीचा, अबोल. चहा मात्र फक्कड करतो.

१६ मार्च
वर माणूस अडकला तर खालच्यानं मशीनच्या बुडाशी असलेल्या खोक्यातल्या दांड्या ओढून पाळणा उतरवायचा असतो. म्हणून मी पहिल्यांदा तो खोका बघतो. इथं त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप, कुलपाला हार. शहादेवला विचारलं तर तो कपबशा विसळायला निघून गेला.

स्टोअरकीपर सर्जेरावांनी सांगितलं. मागच्या भाद्रपदात इथला ऑपरेटर सुग्रीव छप्पर पेलणारी लोखंडी कैची आणि पाळण्याचा कठडा यांच्यात अडकला. शहादेव धावला, त्यानं खोक्यातली दांडी ओढली. दांड्या दोन, एक वर नेणारी, एक खाली, कुठली कुठे नेते ते त्यांच्यावरच्या बाणांनी कळतं. घाईत ओढली ती वर नेणारी. तेराव्याला शहादेवनं दोन्ही दांड्यांना शेंदूर माखला, झाकण बसवलं आणि सुग्रीवच्या बायकोसमोर शपथ घेतली की पुन्हा त्याला हात लावणार नाही. किल्ली धरणाच्या उरल्यासुरल्या पाण्यात सोडली. ती बायको, मालनबाई, आता कारखान्यात झाडलोट करते आणि दर अमावास्येला झाकणाला शेंदूर लावते.

मी तोऱ्यात म्हणालो, खोका उघडल्याशिवाय वर जाणार नाही. सर्जेराव म्हणाले, पाडव्यानंतर कुलूप कापू, तोवर थांबायचं असेल तर दुसरा ऑपरेटर बघतो. आईचे पेढे आठवले. दुसऱ्या चहानंतर मी वर गेलो.

२२ मार्च
पत्र्याखाली अंग भाजतं. दिवसभर पायडल दाबून पोटरीला गोळे येतात. आज पायडल सुतळीनं बांधून टाकलं. पुण्यात हे कुणी केलं असतं तर मीच त्याच्या कानाखाली काढली असती. संध्याकाळी सुतळी सोडली, खिशात घातली.

२९ मार्च
काल पाळणा जमिनीला टेकवून गेलो होतो. सकाळी तो वीतभर वर होता. उन्हानं तेल फुगलं असेल, असं शहादेवला सांगितलं.

सुतळी माझ्या खिशात होती. पायडलला दुसरी सुतळी बांधलेली सापडली. गाठ माझी नाही. ऊसतोडीत मोळीला मारतात तशी गाठ आहे. सुग्रीव ऊसतोडीच्या घरातला होता.

२ एप्रिल
कठड्याला एके ठिकाणी बाक आलाय. उभं राहून बघितलं, बरोबर माझ्या पोटाशी येतो. मुद्दाम उभं राहायला नको होतं.

मालनबाई झाडत होती. तिला सरळ विचारलं, ही गाठ कोण बांधतं. तिनं झाडू खाली ठेवला.

“त्येंना उतरायचं हाय. त्येंच्या जागी कुणी ऱ्हायल्याबिगर उतरता येत न्हाई.”

आणि पुन्हा झाडायला लागली. मला भीती वाटते, हे लिहून टाकतो.

५ एप्रिल
आता पायडल बांधत नाही. पोटरी तुटली तरी चालेल. तरी आज पाय काढल्यावर पाळणा दोन बोटं वर सरकला. सर्जेरावांकडे गेलो, हात जोडले. म्हणाले, एकच पत्रा राहिलाय. एकच. मग आईकडे जाईन. नोकरी गेली खड्ड्यात.

७ एप्रिल, अमावास्या. दुपार
अडकलो.

बोल्ट उचलायला वाकलो, वर झालो तर पाठीला कैची. पोट पाळणा चालवायच्या दांडीवर. पायडल मी बांधलं नव्हतं. बांधलेलं आहे. तीच गाठ. पाय पोचत नाही. बंद करायचं लाल बटण छातीखाली. उजवा हात दबलाय. डाव्यानं लिहितोय, वही कैचीवर ठेवून.

श्वास घेतला की पोट दांडीवर दाबतं. पाळणा वर येतो. केसभर. प्रत्येक श्वासाला केसभर. अर्धा श्वास घेतोय. लिहीत राहिलो तर श्वास लहान राहतो —

ओरडता येत नाही. पान फाडून खाली टाकलं. शहादेव, कुलूप फोड. त्यानं वाचलं. हात जोडून उभा राहिला. रडतोय. शपथ घेतलीय म्हणतो —

दुसरं पान. शहादेव, मला आई आहे.

तो हलत नाही.

मालनबाई आली. शेंदराची वाटी घेऊन. देवा. तिनं दगड उचलला. कुलपावर — एक — दोन — फुटलं. मालनबाई, तुझे उपकार

झाकण निघालं. आत सगळं लाल. दोन्ही दांड्या लाल. बाण दिसत नाहीत. मी आतलं कधी बघितलंच नाही. तिसरं पान, शेंदूर खरवड. तिनं उचललं नाही —

बरगडी. काहीतरी मोडलं.

तिनं डाव्या दांडीवर हात ठेवला. शहादेव ओरडतोय. ती न्हाई बाई, मी तवा तीच वडली हुती, ती न्हाई —

तिनं वर बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी. पाळण्यात, माझ्या शेजारी बघतेय. विचारतेय काहीतरी. मान डोलावतेय, हो म्हणतेय —

माझ्या वहीवर कुणाची तरी साव