तिसरी ओवी

२१ ऑक्टोबर १९३२, शुक्रवार. भाट्ये.

आले एकदाची! पुण्याहून निघताना शाळेतल्या बायकांनी तोंडं अशी केली होती, जणू मी काळ्या पाण्यावर निघाले. एकटी बाई, त्यात विधवा, आणि कशासाठी, तर जात्यावरच्या ओव्या गोळा करायला! रत्नागिरीला बोट खोल पाण्यातच उभी राहते. तिथून पडावात उतरताना माझा पाय घसरला आणि एका खलाशाने मला पोत्यासारखं उचलून आत ठेवलं. मला हसू आवरेना. पुढे तरीने खाडी ओलांडून भाट्याला पोचले.

हौसाबाईंकडे उतरले आहे. साठीच्या आहेत, या घरच्या लेक, नवऱ्यामागे माहेरी परतलेल्या. घरात दुसरी त्यांच्या भाच्याची बायको सगुणा. तिचा नवरा बोटीवर खलाशी आहे आणि तिला सातवा महिना लागलाय. मागे माडाची बाग आणि जांभ्यात खोदलेली पायऱ्यांची विहीर. सोवळंओवळं मी पुण्यातच ठेवून आले, त्यामुळे त्यांच्या हातची भाकरी खुशाल खाल्ली. माशांना मात्र अजून धीर होत नाही.

खोलीत आरसा टांगला. केस आता खांद्याला टेकतात. पंधरा वर्षांनी फणी घेतली आहे, या कुसुमबाईंचा नवा संसार म्हणायचा तो एवढाच. पण माझा आहे.

२३ ऑक्टोबर

पहाटे सगुणेबरोबर जात्यावर बसले. ती आता वाकायची नाही म्हणून खुंटा मीच धरला. हौसाबाई नाचणीच्या मुठी घालत होत्या आणि गात होत्या. एकोणीस ओव्या मिळाल्या, त्यांतल्या दोन याच घरच्या विहिरीच्या. फार पूर्वी विहीर खणली तर पाणी लागेना. कुणा जाणत्याने सांगितलं, थोरली सून द्या. सासऱ्याने शब्द दिला. दिराने दिवा लावायच्या निमित्ताने तिला हात धरून खाली नेलं. तेव्हा पाणी आलं.

सासऱ्यानं दिला शब्द, कोरड्या गं विहिरीला,
कोणी एक त्याचं नाव, पाणी आलं घोट्याला.

दिरानं गं धरून हात, नेलं खालच्या पायरीला,
कोणी एक त्याचं नाव, पाणी आलं कंबरेला.

ओवीत बायका भावाचं, बापाचं नाव हौसेने गुंफतात. इथे मात्र 'कोणी एक'. आणि तिसरी ओवी आहे, पण ती म्हणत नाहीत. दुसरी संपली की जातं थांबवायचं आणि उरलेली मूठ विहिरीच्या काठावर ठेवून यायची. मी कारण विचारलं तर हौसाबाई म्हणाल्या, "नाव घेतलान की ती ऐकते गो बाय. तिला नावं हवीच हायत."

मला ती खालच्या पायरीवरची बाई दिवसभर सोडीना.

२४ ऑक्टोबर

लिहूनच टाकते. सतराव्या वर्षी नवरा गेला. दहाव्या दिवशी चिपळूणच्या घरात सासरे हरिहरपंतांनी न्हाव्याला बोलावलं. मी माजघरात दडले, तर दीर परशुरामाने मला ओढत अंगणात आणलं आणि दोन्ही हात मागे धरून ठेवले. वस्तरा फिरेपर्यंत सोडले नाहीत. जाऊ आनंदीबाई दाराआड रडत होत्या. त्यांची कार्डं तेवढी अजून येतात, इथला पत्ताही त्यांनाच दिलाय. त्या दोघांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आज पहाटे मुद्दाम एकटीच दळायला बसले. पहिल्या ओवीत 'कोणी एक'च्या जागी म्हटलं:

हरिहर त्याचं नाव, पाणी आलं घोट्याला.

काय बरं वाटलं! पंधरा वर्षांचं अडकलेलं हाड गळ्यातून निघालं. पीठ मात्र ओलसर पडलं.

२७ ऑक्टोबर

आनंदीबाईंचं कार्ड. हरिहरपंत गेले, सोमवारी पहाटे. सोमवार म्हणजे चोवीस तारीख. परसात पालथे सापडले, नाकातोंडात पाणी. तिथं साचलेलं पाणी घोट्याएवढंसुद्धा खोल नव्हतं, असं त्या लिहितात.

अशुभाचं कार्ड वाचून फाडून टाकतात. मी ते वहीत जपून ठेवलं आहे.

योगायोग असेल. ऐंशीचे होते. पण कार्ड वाचताना माझे ओठ हसत होते, ते मी आरशात पाहिलं.

२८ ऑक्टोबर

आज केस ओले होते. न्हाले नव्हते. उशी कोरडी, केस ओले, आणि त्यांना विहिरीच्या शेवाळाचा वास.

जात्याकडे गेले. कुणी बळजबरी केली नाही, हे लिहून ठेवते. परशुरामाचा अंगठा माझ्या मनगटात कसा रुतला होता तो आठवला आणि मोठ्याने म्हटलं:

परशुराम त्याचं नाव, पाणी आलं कंबरेला.

खुंट्यावर माझ्या हाताखाली दुसरा हात होता. गार. तोही जोर लावत होता.

३१ ऑक्टोबर

कार्डाची वाट पाहावी लागली नाही. चिपळूणचा एक गृहस्थ मोटारीने आला, त्याने निरोप आणला. परशुराम वाशिष्ठीवर बापाच्या दिवसांची आंघोळ करायला उतरला होता. कंबरभर पाणी, भोवती दहा माणसं. खाली बसला तो उठलाच नाही. ओढून काढला तेव्हा दोन्ही हात पाठीमागे होते, कुणी धरून ठेवावेत तसे.

मला पश्चात्ताप नाही. शोधून पाहिला. नाही.

१ नोव्हेंबर

हौसाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिला सूड मागितला की ती देते, पण फुकट देत नाही. तिसरी ओवी सुनेची. खाली ती एकटी आहे, तिला सोबत हवी. नाव घेणारीने आपलं नाव दिलं नाही, तर ज्या घरचं जातं त्या घरची सून ती घेते.

घरची सून म्हणजे सगुणा.

मी म्हटलं, मी आजच्या बोटीने जाते, तुम्ही सगुणेला माहेरी धाडा. त्यांनी नुसतं माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी उभी होते तिथे शेणाने सारवलेल्या जमिनीत पाणी झिरपत होतं.

२ नोव्हेंबर

सगुणा दुपारी तांदूळ निवडताना काहीतरी गुणगुणत होती. तिसरी ओवी. काल हौसाबाईंनी मला कानात सांगितली तीच. सगुणेला ती कुणी शिकवलेली नाही. विचारलं तर म्हणाली, मी कुठं गाईले?

तिचे केस ओले होते.

बोट सुटली. मी गेले नाही.

३ नोव्हेंबर

हौसाबाईंनी तिसरी ओवी स्वतःचं नाव घालून तीनदा म्हटली. जातं जागचं हललं नाही; त्या या घरच्या लेक, सून नव्हेत, आणि नावंही त्यांनी घेतलेली नाहीत. म्हातारीच्या हातांना फोड आलेत.

सगुणा विहिरीच्या दुसऱ्या पायरीवर सापडली. पोटावर हात ठेवून उभी, डोळे उघडे. ओढून आणली. तिला बाजल्याशी बांधायची वेळ आली. पोरीचे हात मी धरले. मी! मागे वळवून, घट्ट—

ती ओरडत होती, तसंच मीही ओरडले होते.

४ नोव्हेंबर, सकाळ

पाणी खोलीत आहे. घोट्याला. वही मांडीवर घेतली आहे.

जातं आपोआप फिरतंय. रिकामं.

फणी सापडत नाही—

दुपार

सगुणेने गाठ सोडली. कशी ते माहीत नाही. हौसाबाई तिला मिठी मारून बसल्यात, त्यांचं बळ किती पुरणार—

माझं नवं आयुष्य अवघं एका फणीएवढं होतं. पण ज्या हातांनी मला ते नाकारलं, ते मी बुडवले. त्याची किंमत त्या पोरीने द्यायची? नाही. ते परशुरामाचं वागणं झालं.

विहिरीवर

तिसऱ्या पायरीवर बसले आहे. सकाळी कोरडी होती.

खाली ती दिसते. हिरवं लुगडं. वर पाहते आहे. रागावलेली नाही, वाट बघते आहे. आणि तिच्या एकेका हातात—

दोघे. म्हातारा आणि तो. तोंडं उघडी, वर येऊ पाहतायत. तिने त्यांचे हात मागे धरले आहेत. माझ्यासाठी धरून ठेवलेत.

मला भीती वाटते. खूप वाटते. पण ओव्यांचे कागद कापायची कात्री कमरेला खोचून आणली आहे, आणि त्या दोघांच्या डोक्यावर अजून केस आहेत.

मागे जातं थांबलं. सगुणा रडते आहे, म्हणजे शुद्धीवर आली. बरं झालं.

वही काठावर ठेवीन. हौसाबाई, ही ओवी कुणाला देऊ नका—

सून उभी तळापाशी, कोण उरली सोबतीला,
कुसुम गं तिचं नाव, पाणी आलं ग