एकतीस हजार पावलांची बाई

आनचिंग, छिंगमिंगनंतरचा चौथा दिवस

आदरणीय दादा,

लहान बहिणीचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांगावा. त्यांच्या पाठदुखीचीही विचारपूस करते, कारण ती आता तुमच्या घरात सूनबाईपेक्षा जुनी झाली. छिंगमिंगला आईबाबांच्या थडग्यांवरचं गवत काढून आले, तुमच्या वाटणीचंही वाकून आले. बाबांना आवडायची ती दारू समोर ओतली (अर्धीच ओतली, उरलेली गुडघ्याला चोळायला घरी आणली, त्यांनी काही हरकत घेतली नाही). शेनचेनला एव्हाना उकडायला लागलं असेल. जपून असा. फळं खात जा, आणि ती बर्फाच्या पेटीतून काढल्या काढल्या खाऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना या बाईला कागद-पेन कुठून सुचलं? तर मी फोनवर काही लिहिलं की तुमचा चष्मा सापडत नाही. मग सूनबाई ते जेवणाच्या टेबलावर खणखणीत आवाजात वाचते, आणि तिच्या आईला पोटात काही ठेवता येत नाही. मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीची बातमी संध्याकाळच्या आत चौसष्ट जणांना कळली होती, आणि त्यातल्या एकोणीस जणांनी औषधंही सुचवली होती. हे पत्र कुरियरने पाठवते आहे, परवा मिळेल. एकट्यानेच वाचा. चष्मा कपाळावर आहे का बघा.

विषय आपल्या पावलांच्या यादीचा. ही अवदसा तुम्हालाच आठवली होती, हे मी आदर राखून सांगते. पूल झाला, आपल्या कंपनीच्या फेरीबोटी बंद झाल्या, आपण सगळे घरी बसलो. आणि तुम्ही, कंपनीतले सगळ्यात ज्येष्ठ म्हणून, फर्मान काढलंत की जुन्या सहकाऱ्यांनी रोज चालावं आणि फोनने मोजलेली पावलं एकमेकांना दिसू द्यावीत, म्हणजे तब्येत राहील आणि प्रेमही राहील. तब्येतीचं माहीत नाही. पण संध्याकाळी यादी लागली की कोण किती चाललं, कोणाला किती जणांनी लाल बदाम दिला (पत्त्यातला असतो तसा, बोटाने दाबला की उमटतो), हे बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. शिवाय जो पहिला येतो त्याचा फोटो सगळ्यांच्या यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो. तुमची स्वतःची काल तीनशे बारा पावलं होती. ज्येष्ठांबद्दल मी काही बोलत नाही.

तर गेलं वर्षभर माझ्या डोक्यावर बाओ सूछिन बसली होती. हवेत जांभळी ओढणी उडवलेली, मागे पिओनीची फुलं, आणि खाली एकतीस हजार पावलं. कधी तेहतीस, पाऊस असला तर एकोणतीस. दादा, ही सूछिन म्हणजे माझ्याबरोबर बावीस वर्षं एकाच खिडकीत, एकाच बाकड्यावर अर्धी अर्धी बसून तिकिटं विकणारी. तिचे गुडघे मी तिच्याइतके ओळखते. पहिल्या मजल्यावर जायचं तर ती मध्ये दोनदा थांबते आणि दर खेपेला कठड्याला शिव्या देते. ही बाई एकतीस हजार चालते? आणि रोज चाळीस-पंचेचाळीस जण तिला बदाम देतात, शाबास सूछिन, आदर्श सूछिन! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या नसत्या तर मी संत झाले असते.

आधी मी सरळ मार्गाने गेले, हे लक्षात घ्या. भाजीबाजाराला तीन तीन फेऱ्या मारल्या (एकदा तीन फेऱ्या मारून भाजी न घेताच घरी आले). नऊ हजारांवर गाडी अडली आणि घोटा सुजला. मग मी वाकडं पाऊल टाकलं, तेही कबूल करते. शेजारणीच्या तौतौ नावाच्या कुत्र्याच्या गळ्यात फोन बांधला. तो दिवसभर खाटकाच्या दुकानासमोर आशेने बसून राहिला: दोनशे अकरा पावलं, आणि शंभरेक तर नुसती मान खाजवण्याची असावीत. मग फोन टेबलफॅनला बांधला. फॅन सुरू केला मात्र, फोन सुटला तो थेट मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याच्या बरणीत. फोन वाचला, पण तेव्हापासून कोणाचाही फोन आला की खोलीभर आंबट वास येतो.

एवढं होऊनही मी गप्प बसले असते. पण त्या शुक्रवारी आम्ही चौघी माजाँग खेळायला बसलो. दोन वाजता मी सहज यादी बघितली (सहज म्हणजे दर पाच मिनिटांनी). सूछिनची सोळा हजार दोनशे. तीन वाजता साडेअठरा. दादा, बाई माझ्या समोर बसलेली! चार वाजता वीस हजार सातशे. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. ती लघवीलासुद्धा उठली नाही. सूर्यफुलाच्या बिया फोडत होती आणि पावलं वाढत होती. पाच वाजता बावीस हजार नऊशे. तिचा फोन टेबलावर नव्हता, पिशवीत नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: फोनला पाळण्यासारखं झुलवणारं यंत्र मिळतं म्हणतात, ते हिने घरी लावलंय. त्या नादात मी चारही डाव हरले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी तिचा बसलेला फोटो काढला, बियांच्या टरफलांसकट, आणि दोनच्या व पाचच्या यादीबरोबर ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, “आदर्श बाई बसल्या बसल्या सात हजार चालल्या.” हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मला जन्मात कधी मिळाले नव्हते इतके अंगठे मिळाले. आणि मग तुमचा निकाल आला, चार ओळींचा, कंपनीच्या नोटीसबोर्डावर लागायचा तसा: सहकारी बाओ यांनी सामूहिक विश्वासाला तडा दिला असून, खुलासा होईपर्यंत कोणीही त्यांना बदाम देऊ नये. (ही “तडा”ची जागा तुमची मला फार आवडली होती. तेव्हा.)

सूछिनने खुलासा केला नाही. तिने फक्त एक हसरा पिवळा चेहरा पाठवला. त्या हसऱ्या चेहऱ्यावर आम्ही तीन दिवस घालवले. आमच्या वयाच्यांनी म्हटलं, बाई ओशाळून हसली. शेजारणीची मुलगी म्हणाली, मावशी, आमच्यात याचा अर्थ होतो, चालती हो. बदाम बंद झाले, पण यंत्राला कुठली लाज? रोज संध्याकाळी तीच ओढणी, तीच पिओनी, एकतीस हजार. सूछिन माजाँगला यायची थांबली. चौथं माणूस नाही म्हणून आमचा खेळच बंद पडला. शेवटी म्हटलं, आपण त्या यंत्राचाच फोटो काढून आणू. संत्री घेतली दोन किलो, आणि गेले.

तिने दार उघडलं, मला बघितलं, संत्र्यांना बघितलं आणि म्हणाली, “आत ये, पण चप्पल बदल, आत्ताच पुसलंय.” मी खोलीभर नजर फिरवली. यंत्र नाही. कपाटावर नाही, पलंगाखाली नाही (पिन पडल्याचं निमित्त केलं). मग सरळच विचारलं, “फोन कुठाय तुझा?”

“फिरायला गेलाय,” ती म्हणाली.

“कोण?”

“फोन. ये, खिडकीतून दिसेल.”

खाली आवारात फांगभाऊजी चालत होते. फांगभाऊजी, तिचे यजमान, तुमच्याच हाताखालचे तिकीट तपासनीस, ज्यांना सकाळच्या बोटीचे सगळे नेहमीचे प्रवासी नावानिशी पाठ होते. दोन वर्षं ते कुठे आले-गेले नाहीत, सूछिन म्हणायची की त्यांना आता गर्दी सोसत नाही, आणि आम्ही कोणी पुढे विचारलं नाही. त्यांच्या गळ्यात कापडी पिशवी होती, तिचं झाकण आणि बटण दोन्ही सूछिनने शिवलेली, आणि पिशवीत तिचा फोन. भाऊजींना आता काही आठवत नाही दादा. सकाळी उठतात, ड्यूटी आहे म्हणतात आणि चालायला लागतात. दोनदा जुन्या धक्क्यापर्यंत गेले होते. धक्क्याची आता बाग झाली आहे, तर बागेतल्या बाकांवरच्या जोडप्यांकडे तिकिटं मागत होते. तेव्हापासून गळ्यात फोन. मुलगी हफेहून तिच्या फोनवर बघते बाबा कुठे आहेत ते, आणि फाटकावरचा पहारेकरी लक्ष ठेवतो.

मी म्हटलं, सांगायचंस ना गं! माझ्या तोंडावर फेकायचंस! तोवर ती भांडं घासायला लागली होती, ते घासतच राहिली. म्हणाली, “काय सांगू? आज तुम्ही मला हसताय. हे कळलं की त्यांना हसाल. नाहीतर कीव कराल, ते तर त्याहून वाईट. मला म्हणा चोर, मला चालतं.” मला रडू आलं, आणि राग आला, तोही तिचाच आला. अशी मी आहे.

मी खाली गेले. भाऊजींनी माझ्यापुढे हात धरला, तिकीट. ओळखलं नाही. माझ्याजवळ म्हाताऱ्यांचा बसचा पास होता तो दिला. त्यांनी तो उलटसुलट नीट बघितला, परत दिला, म्हणाले, “मागे सरका, मागे जागा आहे.” मी मागे सरकले. मग त्यांच्याबरोबर आवाराच्या सव्वीस फेऱ्या मारल्या. तेव्हापासून रोज दुपारी जाते, सूछिन तेवढ्यात जरा पाठ टेकते. काल माझी बावीस हजार सहाशे पावलं झाली, सगळी खरी, आणि मी जन्मात प्रथमच दुसरी आले. पहिला नंबर काही मिळायचा नाही. सोबत चालूनही ते माझ्या पुढेच राहतात, कारण त्यांची पावलं लहान आहेत आणि सकाळची ड्यूटी ते एकट्याने करतात.

बाकी सर्व ठीक. घोट्याची सूज उतरली आहे. वहिनींच्या पाठीला गरम मिठाची पुरचुंडी लावून बघा.

तुमची धाकटी बहीण,
थान युएचन

ता. क. वहिनींसाठी वाळवलेले बांबूचे कोंब पाठवले आहेत. सूनबाईच्या आईला द्यायचे असतील तर थोडेच द्या.

ता. क. दुसरा. पत्र लिहिलं ते यासाठी: तुमचा निकाल मागे घ्या. ग्रुपवर असं लिहा की थान युएचन हिने माझ्याकडे कबुली दिली आहे. जळफळाट होऊन तिने जुन्या यादीचे आकडे नव्या फोटोला जोडले. सहकारी बाओ निर्दोष आहेत. “जळफळाट” हा शब्द ठेवाच, तो खरा आहे. लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत. भाऊजींचं नाव कुठेही, कोणाजवळही काढायचं नाही. वहिनींजवळसुद्धा नाही.

ता. क. तिसरा. आणि लगेच लिहा, कारण हे मी वर लिहायचं टाळत होते. संध्याकाळी भाऊजी वर येतात, पण उंबरठ्यातच थांबतात. सूछिन त्यांच्या गळ्यातला फोन काढून यादी समोर धरते आणि ते तिच्या नावापुढचे बदाम एकेक करून मोजतात. त्यांच्या लेखी ती बोटीत चढलेली माणसं आहेत. चाळीस भरली की म्हणतात, “दोर सोडा,” आणि आत येऊन हात धुऊन जेवायला बसतात. तुमच्या नोटिशीआधी रोज चाळीस भरायची. काल चार होती. मुलगी, जावई, पहारेकरी आणि मी. ते म्हणाले, “माणसं यायची आहेत अजून,” आणि दारात उभे राहिले. सूछिनने त्यांना उभ्यानेच भात भरवला. तेव्हा दादा, सगळ्यांना सांगा, पण आधी तुमचा द्या. बदाम एकदाच दाबा. दुसऱ्यांदा दाबला की तो पुसला जातो, आणि चढलेलं माणूस उतरलं तर त्यांना लगेच कळतं.