द्वारकाबाई चुलीपाशी बसल्याच नाहीत

शुक्र., १२ जुलै. नांदेड
वकिलीच्या प्रवेशपरीक्षेत पास! खोलीत एकटीच नाचले. घरी सांगितलं नाही. अण्णांचं म्हणणं, घरात पहिली पदवी आली, बास, आता लग्न. २१ ला उदगीरचे पाहुणे मला बघायला मुरुडला येणार.
संध्याकाळी आईचा फोन. म्हटलं, पाहुण्यांचंच असणार. तर, "मने, आपल्या द्वारकाबाईचा सिनेमा आलाय म्हणं लातूरला!"

शनि., १३ जुलै
द्वारका फौजदार मालिकेची सहा पुस्तकं मी आईला सुट्ट्यांत वाचून दाखवली. ती तुरी निवडत ऐकायची. सातवं अर्धंच राहिलं. एका गरीब मोलकरणीला खुनासाठी धरतात, तिथंच. सिनेमा नेमका त्याच पुस्तकावर. शेवट सांगू लागले तर, "गप. डोळ्यानं बघीन."
उद्या ती मुरुडहून, मी इथून लातूरला जाणार. सिनेमा झाला की वकिलीचं सांगायचंच. तेव्हा ती खुशीत असेल...

रवि., १४ जुलै
काय तो सिनेमा! पुस्तकातली द्वारका संशयिताच्या चुलीपाशी बसते, कांदा चिरू लागते, गप्प राहते. समोरचा आपोआप बोलतो. इथं काळा चष्मा, गाड्यांचा पाठलाग, वर गाणं. मोलकरीण गायब. खुनीसुद्धा बदलला.
आई मोठ्यानं, "आगं, ही चुलीपाशी बसलीच न्हाई! हिला कोण कामून सांगंल?"
मागून एकजण, "मावशी, गप बसा की!"
"तुला म्हाईत हाय का खरा खुनी?"
"न्हाई."
"मलाबी न्हाई. पर ह्यो न्हाई!"
थिएटर हसलं. मला रडू येत होतं. आता कसली खुशी अन् कसलं सांगणं.
स्टँडच्या बाकावर तिनं भाकरी सोडली, ठेचा माझ्याकडं सरकवला. मग काहीच बोलेना. नुसती भाकरी मोडत बसली. माझ्यानं राहवेना. वकिली, उदगीर, सगळं बोलून गेले.
मग लक्षात आलं. "आई! तू द्वारकाबाईवानी केलंस!"
"सिनेमावालीला जमलं न्हाई. कुणीतरी कराय पायजे का न्हाई?"
हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मुरुडची गाडी लागली, गेली.

गुरु., १८ जुलै. नांदेड
रविवारपासून फोन नव्हता. आज आला. "पुस्तक काढ. खरा शेवट वाच. तुझ्या अण्णाला सिनेमा सांगितला, तेबी बसलेत."
मागून अण्णा, "पहिल्यापासून वाच म्हणावं. मला काय ठावं?"
मी हळूच, "दुसरं सांगितलंस का त्यांना?"
"तुझी द्वारका पहिल्याच पानावर खुनी धरती का? वाच."
आधीचं थोडक्यात सांगितलं, पुढचं वाचलं. मोलकरणीला कोर्टात उभं करतात तिथवर आले. अण्णा एकदम चिडून, "अन् तिच्या बाजूनं बोलणार कोण? तिला वकील न्हाई का कुणी?"
आई गप्प.
मीही गप्प राहिले. पान उलटलं नाही.