तिसरा नाच

गुरु. १६ जाने.
क्लास. चर्चच्या हॉलचा हीटर पुन्हा बंद, कोट घालूनच नाचलो. दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्लिश नाच शिकायला लीड्समधली बरीच मंडळी दर गुरुवारी जमतात, त्यांत मराठी आम्ही दोघंच, मी आणि हेमंत. पुरुष कमी, म्हणून निम्मा वेळ मला पुरुषांच्या रांगेत उभं करतात. हेमंतची ओळखही इथलीच. पहिल्याच दिवशी माझ्या पायावर पाय दिला होता.

१ मार्चला बॉल, म्हणजे त्या काळच्या पोशाखात नाचाची संध्याकाळ. मार्गारेट (शिकवणारी, सत्तरीची, आवाज पोलिसाचा) नियम सांगत होती. त्या काळी एका पुरुषाबरोबर एका संध्याकाळी दोनच नाच. तिसरा नाचलात की लोक लग्न ठरलं असं धरायचे. आपणही तेच पाळायचं. "अदरवाइज पीपल विल टॉक!" सगळे हसले, मीही हसले. पीपल काय काय टॉक करतात ते मला विचारा म्हणावं.

रवि. १९ जाने.
हेमंतची आई नागपूरहून आली. मार्चअखेरपर्यंत मुक्काम. तेवढ्यात तिला सांगू आणि लग्न करून टाकू, हे हेमंतचं म्हणणं. किती सांगायचं, यावर वाद.

त्याची पहिली बायको आजारपणात वारली, हे त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यालाही माझं सगळं माहीत आहे, पहिल्या कॉफीलाच सांगून मोकळी झाले होते. लंडनमध्ये स्टॅनमोरला नवरा होता, चांगला होता. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात काम करता करता दिग्दर्शकाच्या प्रेमात पडले आणि घर सोडलं. दिग्दर्शक महिनाभरात बायकोकडे परत. मी हॉस्पिटलची बदली घेऊन इथे. पाच वर्षं झाली, तिकडे अजून चवीने चघळतात.

हे. म्हणतो, "आईला कशाला ते?" मी म्हणते, सगळं सांग, नाहीतर काहीच नको. आईचं मन मोडून तो लग्न करणार नाही. तसं बोलत नाही, पण मला कळतं.

गुरु. २३ जाने.
हेमंतची आई, म्हणजे आता माझ्या काकू, क्लासला आल्या. शाल गुंडाळून भिंतीकडेच्या खुर्चीत. मार्गारेट खूश, म्हणे त्या काळी मुलींच्या आया अश्शाच बसायच्या, लक्ष ठेवायला. मी भाषांतर करून सांगितलं. काकू म्हणाल्या, "लक्षच ठेवून राहिली मी."
आवडल्या मला. हीच पंचाईत.

रवि. २ फेब्रु.
इथल्या मंडळाचं हळदीकुंकू. लीड्सला आल्यापासून मी मंडळाच्या वाटेला गेले नव्हते. काकूंनी ओढून नेलं, "मी एकटी काय करू तिथे?"

आणि थाळी घेऊन समोर कोण, तर वर्षा. स्टॅनमोरची माझी शेजारीण. नवऱ्याची नोकरी बदलली, आता इथेच. "अय्या मृणाल, तू इथे?" एवढं म्हणून माझ्या बाजूला बसलेल्या बाईंना कुंकू लावलं. मग काकूंना. माझा हात तसाच पुढे राहिला. मग पदर नीट केला, हात त्यासाठीच काढला होता असं दाखवत.

नंतर वर्षा आणि काकू कोपऱ्यात बटाटेवडे खात बराच वेळ बोलत होत्या. गाडीत काकू पार्किंगवर बोलल्या, थंडीवर बोलल्या. बाकी काही नाही. संपलं बहुतेक.

गुरु. ६ फेब्रु.
काकू आल्या नाहीत. हे. म्हणाला, गुडघा दुखतोय.
"वर्षाने काय सांगितलं त्यांना?"
"आई काही बोलली नाही."
"तू विचारलंस?"
तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. रागाने मी दोनदा चुकीच्या बाजूला वळले. मार्गारेट ओरडली.

रवि. १६ फेब्रु.
काकूंचा फोन, जेवायला ये. गेले. हेमंतला कोथिंबिरीला पिटाळलेलं. काकू ओट्याशी पाटवड्या कापत होत्या.

मीच सुरुवात केली. "वर्षाने सांगितलं ना तुम्हाला?"
"तिनं काय सांगावं? माझी चुलत नणंद स्टॅनमोरले आहे. हा फोनवर रोज मृणाल मृणाल करून राहिला होता, तवाच मी तिला विचारलं. विमानात बसायच्या आधीच ठाऊक होतं मला."

म्हणजे मी महिनाभर उगाच जीव मुठीत धरून बसले होते.

"झालं ते झालं," काकू म्हणाल्या. "मला एकच सांग. माझी सून गेली, तेव्हा मी इथंच होते. वर्षभर यानं घरातले पडदे उघडले नाही. तू सोडून गेलीस तर?"

नाही जाणार, एवढंच म्हणायचं होतं. जमलं नाही. "काकू, हा शब्द मी सप्तपदीला एकदा दिला होता. आता माझ्या शब्दाला काय किंमत?" रडू आलं. रागही आला, कारण एवढ्या वर्षांत नेमका प्रश्न विचारणाऱ्या या पहिल्याच.

त्यांनी ताट वाढलं. हेमंत कोथिंबीर म्हणून पार्सली घेऊन आला. दोघींनी मिळून त्याला झापलं. रस्सा जाळ होता.

शनि. १ मार्च
बॉल. माझ्या आईच्या जुन्या पांढऱ्या चंदेरी साडीचा उंच कमरेचा झगा शिवला होता. बरा दिसला. खिसा नाही, म्हणून पर्स मनगटाला.

मंडळातले बरेच जण बघायला आलेले. भिंतीकडे काकू, त्यांच्या शेजारची खुर्ची वर्षाने पटकावलेली. हे.बरोबर दोन नाच झाले, मग नियमाप्रमाणे इतरांबरोबर. मी दमून काकूंजवळ येऊन उभी राहिले.

मार्गारेटने शेवटचा नाच पुकारला. हेमंत समोरून सरळ चालत आला आणि हात पुढे केला. मार्गारेटच्या भुवया वर. वर्षा काकूंच्या कानाशी वाकली. मी काकूंकडे पाहिलं. काय करू, असंच पाहिलं असणार.

वर्षाचं वाक्य काकूंनी पुरं होऊ दिलं नाही. "थांब वो बाई," म्हणाल्या, आणि माझ्याकडे हात केला. "दे ती पर्स इकडे. हातात लटकवून नाचशील काय?"

दिली. रांगेत जाऊन उभी राहिले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. वळून पाहिलं तर पर्स मांडीवर, आणि तिच्यावर काकूंचे दोन्ही हात घट्ट. घराची, गाडीची, माझ्या सगळ्या किल्ल्या त्यात होत्या.