लियांग सरांचा हॉल

वेंटवर्थव्हिल,
रविवार दुपार

प्रिय ओवी,

फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे सरकत नाही, म्हणून लिहायला बसलोय. तू मेलबर्नला गेल्यापासून दोन वर्षांत मी तुला एकही धड प्रश्न विचारलेला नाही. थकलोय गं. ऑफिसचा शीण शनिवार-रविवारी उतरतो. हा काहीतरी वेगळाच आहे.

गेल्या शनिवारी लियांग सरांनी बोलावलं होतं. ते बॅडमिंटन शिकवणं थांबवून हॉल सोडतायत, गुडघे साथ देत नाहीत आता. तुझी जुनी किटबॅग तिथेच पडली होती, ती घेऊन जा म्हणाले. नऊ वर्षं पहाटे पाचला तुला ज्या रस्त्याने नेलं, त्यावर गाडी आपोआप वळली. हॉल तसाच आहे. गोदामाचं पत्र्याचं छप्पर, बारा कोर्टं, बाराही भरलेली. एका कोर्टवर सत्तरीला टेकलेल्या चार चिनी बायका डबल्स खेळत होत्या आणि दर पॉइंटला कडाकडा भांडत होत्या. मी बाकावर बसून बघत राहिलो.

सर शेजारी येऊन बसले. इतक्या वर्षांत तुझा बॅकहँड सोडून आम्ही कधी काही बोललो नव्हतो. मी सहज विचारलं, तुम्हा चिनी लोकांत सगळेच कसे हो खेळतात? ते हसले. त्यांच्या लहानपणी गल्लीत दोरी बांधून बॅडमिंटन चालायचं. शाळेच्या पटांगणात टेबल टेनिसची सिमेंटची टेबलं होती, मधे जाळीऐवजी विटांची रांग. मुलींची व्हॉलीबॉल टीम जग जिंकून आली तेव्हा त्यांच्या वडिलांची अख्खी गिरणी एका टीव्हीपुढे बसून रडली होती म्हणे. आता भाचरांना बास्केटबॉलचं वेड आहे. म्हणाले, आमच्याकडे खेळ म्हणजे रात्रीच्या जेवणासारखा, रोजचा आणि सगळ्यांचा.

मग म्हणाले, पण ज्यांना निवडलं जायचं त्यांचं वेगळं. नवव्या वर्षी एका मास्तरांनी त्यांच्या हाताची लांबी मोजली आणि त्यांना क्रीडाशाळेत नेलं. वडील वर्षातून दोनदा रेल्वेने भेटायला यायचे, उकडलेली अंडी घेऊन. दर वेळी एकच विचारायचे, कितवा आलास? सतराव्या वर्षी गुडघा कायमचा गेला. परतले त्या दिवशी वडील स्टेशनवर आले नाहीत. “मला वाटलं, रागावलेत,” सर म्हणाले. “ते गेल्यावर आईने सांगितलं, त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. पाय दुखतो असं मी पत्रात कळवलं होतं, आणि त्यांनी उत्तर धाडलं होतं, सराव वाढव.”

पुढचं मी ऐकलंच नाही. मला तुझी स्टेट सिलेक्शनची मॅच दिसायला लागली. दुसऱ्या गेमनंतर तू खांदा धरून माझ्याकडे आलीस. “बाबा, इट रिअली हर्ट्स.” मी म्हणालो, एकच गेम राहिलाय, खेळून टाक. तू खेळलीस. हरलीस. घरी येईपर्यंत मी गाडीत एक अक्षर बोललो नाही, आणि खांद्याबद्दल तर त्यानंतरही कधी नाही. त्याच महिन्यात तू रॅकेट ठेवलीस, आणि मी चारचौघांत सांगत राहिलो, अभ्यासासाठी सोडलं.

काल आईने सांगितलं, वीस तारखेला तुझ्या त्याच खांद्याचं ऑपरेशन आहे आणि बाबांना कळवू नकोस असं तू बजावलंयस. तिच्यावर चिडू नकोस, तिला राहवलं नाही. मी रजा टाकलीय. तिकीट मात्र काढलेलं नाही, या वेळी तुला विचारल्याशिवाय नाही. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि रुसणारही नाही. ये म्हणालीस तर तुझ्या कॉटशेजारी नुसता बसेन. दुखतंय का, एवढंच विचारेन, आणि तू जे सांगशील ते शेवटपर्यंत ऐकेन.

सवडीने कळव,
तुझाच,
बाबा